कांदळवन परतले, विहिरीचे काय?

किनाऱ्यावरची पाणथळ जागा पुन्हा जिवंत केली की दोन गोष्टी साधतात, असे हल्ली एका दमात सांगितले जाते: हवेतला कार्बन चिखलात गाडला जातो आणि आसपासच्या विहिरींचे पाणी वाढते. प्रकल्पांच्या अहवालांत ही दोन वाक्ये इतकी जोडीने येतात की ती एकाच अभ्यासातून निघाली असावीत असे वाटावे. तसे नाही. कार्बन मोजणारे वेगळे आणि भूजल मोजणारे वेगळे. त्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले तर असे दिसते की जिथे कार्बनचा लाभ सर्वांत खात्रीचा, तिथे गोड्या पाण्याचा लाभ सर्वांत कमी खात्रीचा. आणि जिथे भूजलाला खरा आधार मिळतो, तिथे कार्बनच्या हिशेबात मिथेनची वजावट करावी लागते. या दोन्ही बाजूंचे आजवरचे ज्ञान काय सांगते आणि आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला त्यातून काय घ्यावे लागेल, हे या लेखात पाहू.

चिखल काय साठवतो

तिवर, कांदळ, चिपी यांची झाडे डोळ्यांना दिसतात. पण कांदळवनातला बहुतेक कार्बन झाडांत नसतो, तो पायाखालच्या चिखलात असतो. गळलेली पाने, मेलेली मुळे आणि भरतीबरोबर आलेला गाळ थरावर थर साचत जातो. या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे कुजण्याची क्रिया फार मंदावते. २०११ साली डोनॅटो आणि सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत भागातल्या २५ कांदळवनांत खोलवर नमुने घेतले. हेक्टरी सरासरी सुमारे १,०२३ टन कार्बन भरला, आणि त्यातला मोठा वाटा जमिनीखाली होता. त्याच वर्षी मॅक्लिओड आणि सहकाऱ्यांनी कार्बन गाडला जाण्याचा वेग एकत्र मांडला. कांदळवनात दर चौरस मीटरला वर्षाला सुमारे २२६ ग्रॅम आणि खाऱ्या गवताळ दलदलीत २१८ ग्रॅम कार्बन गाडला जातो. जमिनीवरच्या जंगलांच्या मातीत हा वेग चार-पाच ग्रॅमच्या आसपास असतो. ‘निळा कार्बन’ हे नाव २००९ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालापासून रूढ झाले. त्या नावाला वजन मिळाले ते या आकड्यांमुळे.

पण गाडलेला कार्बन ओल टिकते तोवरच टिकतो. बांध घालून, चर खणून दलदल कोरडी केली की प्राणवायू आत शिरतो आणि शतकांचा साठा जळू लागतो. निचरा केलेल्या किनारी दलदलीतून हेक्टरी वर्षाला सुमारे ७.९ टन कार्बन बाहेर पडतो, असा गुणांक हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०१३ साली सुचवला. म्हणजे वर्षभरात जेवढा गाडला जातो त्याच्या तिप्पट-चौपट निसटतो. नवी झाडे लावण्यापेक्षा कोरडी केलेली जागा ओली करणे, आणि मुळात ओली असलेली जागा कोरडी न होऊ देणे, हे कार्बनच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते ते यामुळे.

मिथेनची वजावट

पाण्याखालच्या बिनप्राणवायूच्या मातीत मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस ते तीसपट उष्णता धरतो. मग दलदल ओली करून काय मिळवले?

याचे उत्तर मिठात आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते आणि ते वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे अन्न आधीच फस्त करतात. पॉफेनबार्गर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक दलदलींची मोजमापे एकत्र केली. हजारी अठरा भागांपेक्षा जास्त क्षारता असेल तर मिथेन नगण्य निघतो. त्याखाली आकडे वरखाली होतात, कधी फार वर जातात. आंतरसरकारी मंडळाने हीच रेषा पुढे धरली.

कॅलिफोर्नियातला सॅक्रामेंटो-सान वोकीन त्रिभुज प्रदेश दुसऱ्या टोकाचा आहे. शेतीसाठी निचरा केल्यावर तिथली सेंद्रिय माती जळत गेली आणि काही बेटे समुद्रसपाटीच्या सात मीटरपेक्षा जास्त खाली गेली. ट्विचेल बेटावर १९९७ पासून गोडे पाणी भरून बोरूसारखी झाडे वाढवली. जमीन वर्षाला काही सेंटिमीटरने पुन्हा भरू लागली, मातीचे जळणे थांबले. पण गोडे पाणी असल्याने मिथेन भरपूर निघतो. लाभ आहे, फक्त तो कागदावरच्या पहिल्या आकड्याइतका नाही.

खारी दलदलही या वजावटीतून पूर्ण सुटत नाही. रोझेन्ट्रेटर आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या अंदाजानुसार कांदळवनांतून निघणारा मिथेन तिथे गाडलेल्या कार्बनच्या लाभातला सरासरी पाचवा हिस्सा खातो. आपल्या खाड्यांना याचा एक खास अर्थ आहे. पावसाळ्यात कोकणच्या खाडीचे वरचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि मे महिन्यात ते समुद्राइतके खारे होते. केवळ उन्हाळ्यात मोजलेला मिथेन वर्षाचा म्हणून खपवला तर तो आकडा फसवा ठरेल.

कार्बन कुणाचा आणि कधीचा

पुनरुज्जीवित जागा जुन्या जागेची बरोबरी किती दिवसांत करते? इंग्लंडमधल्या टॉल्सबरी येथे १९९५ साली समुद्राचा बांध मुद्दाम फोडला. तिथल्या अभ्यासाने नैसर्गिक दलदलीइतका कार्बन साठायला सुमारे शंभर वर्षे लागतील असा अंदाज बांधला. याउलट सॉमरसेटमधल्या स्टीअर्ट येथे २०१४ मध्ये बांध फोडल्यावर पहिल्या चार वर्षांत हेक्टरी वर्षाला १९ टनांहून जास्त कार्बन साचला. दोन आकड्यांत एवढी तफावत कशी? स्टीअर्टजवळच्या पाण्यात गाळ प्रचंड आहे. साचलेला बराच कार्बन बाहेरून गाळाबरोबर आला, तिथल्या वनस्पतींनी हवेतून खेचलेला नव्हता. तो दुसरीकडे कुठेतरी गाडला गेलाच असता का, हा प्रश्न उरतो. कार्बन क्रेडिटच्या बाजारात हा फरक नीट मांडला जात नसेल तर विकली जाणारी वस्तू नेमकी कोणती, हे खरेदीदारालाही कळत नाही.

दुसरी फसगत लागवडीची. फिलिपिन्समधल्या कांदळवन लागवडींचा आढावा प्रिमावेरा आणि एस्तेबान यांनी २००८ मध्ये घेतला. दीर्घकाळ जगलेली रोपे दहा ते वीस टक्के. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या सुमारे हजार हेक्टर लागवडीपैकी दोनशेच्या आसपास हेक्टर टिकले, असे २०१७ च्या एका पाहणीत दिसले. रोपे बहुधा तिथे लावली होती जिथे जागा सहज मिळाली, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सखल चिखलावर, जिथे कांदळ कधी नव्हतेच. फ्लोरिडाचे रॉबिन लुइस आयुष्यभर सांगत राहिले की आधी पाण्याची ये-जा दुरुस्त करा, झाडे आपोआप येतील. तमिळनाडूत पिच्चावरम येथे एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने माशाच्या काट्यासारखे चर खणून भरतीचे पाणी उजाड खाचरांत आणले, तेव्हा तिथे कांदळवन उभे राहिले. पुनरुज्जीवन म्हणजे प्रथम पाण्याचे काम, हा धडा कार्बनवाल्यांनी शिकायला उशीर लावला. आणि तोच धडा आपल्याला भूजलाकडे नेतो.

गोड्या पाण्याचा दाब

किनाऱ्याजवळच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. बॅदॉन घायबेन आणि हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी याचे साधे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी सापडते. उलट बाजूने वाचले की याची धार कळते: उपशामुळे वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने वीस मीटर वर येऊ शकते. कातळाच्या भेगांत हे गणित इतके सरळ चालत नाही, पण दिशा तीच राहते.

म्हणून विहीर खारी होण्याची कारणे बहुतेक वेळा जमिनीच्या बाजूला असतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर इंजिने आणि पंप आल्यावर उपसा वाढला आणि समुद्राचे पाणी काही किलोमीटर आत आले. तिथल्या उपायांत भरतीचे पाणी अडवणारे दरवाजे, बंधारे, पुनर्भरण तलाव आणि चर यांचा भर आहे. म्हणजे तिथे खारे पाणी बाहेर ठेवून गोडे पाणी जमिनीत मुरवणे हाच भूजल वाचवण्याचा मार्ग मानला गेला. कांदळवन परत आणण्याच्या कामाची दिशा याच्या नेमकी उलट: भरतीला आत वाट द्यायची.

तर मग भरतीला वाट दिली की विहिरी बिघडणारच का? असेही नाही. निचरा करून कोरडी केलेली सखल जमीन स्वतःच खारे पाणी खालून ओढते. नेदरलँड्समध्ये १८५२ मध्ये कोरडा केलेला हार्लेमर सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या चार-पाच मीटर खाली आहे, आणि तिथल्या चरांत आजही खालून मचूळ पाणी झिरपते. बांध शाबूत असूनही मीठ येते, कारण दाब कमी करून ठेवला आहे.

अमेरिकेच्या केप कॉडवरची हेरिंग नदी ही दोन्ही बाजू दाखवणारी जागा आहे. तिच्या मुखावर १९०९ मध्ये बांध झाला. डास आणि चिखल कमी होतील ही आशा होती. आतली दलदल वाळली, जवळजवळ तीन फूट खचली, मातीतल्या गंधकयुक्त खनिजांतून आम्ल तयार झाले आणि मासे मेले. भरती परत आणायचे ठरले तेव्हा रहिवाशांचा पहिला प्रश्न विहिरींचा होता. भूजलाच्या अभ्यासांनी सांगितले की उंचवट्यावरच्या विहिरींखाली गोड्या पाण्याचा जाड थर आहे, त्याला धोका नाही; शिवाय दलदलीतले पाणी वर आल्याने लगतच्या उंच जमिनीतली भूजल पातळीही किंचित वर राहील. अगदी सखल जागेतल्या मोजक्या विहिरींचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागला. म्हणजे उत्तर विहिरीगणिक बदलते.

भूजलाला निःसंशय लाभ झाल्याची उदाहरणे शोधली तर ती गोड्या पाण्यावर जगणाऱ्या दलदलींची सापडतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये रस्ते आणि कालवे यांनी उत्तरेकडचे पाणी अडवले होते. ते पुन्हा दक्षिणेकडे वाहू लागावे म्हणून टामायामी मार्गाखाली पूल बांधले गेले. मायामीला पिण्याचे पाणी देणारा बिस्केन जलधर याच दलदलीच्या पाण्याने भरतो, आणि हे पाणीच समुद्राला मागे रेटते. इथे दलदल वाचवणे आणि नळाला गोडे पाणी ठेवणे ही एकच गोष्ट आहे.

वरून आलेले खारे पाणी हा आणखी एक धोका. २००४ च्या त्सुनामीने श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो विहिरी खाऱ्या केल्या. लोकांनी त्या घाईने उपसल्या, आणि काही ठिकाणी उपशामुळे खालचे खारे पाणीही वर आले. शेवटी पावसाळ्यांनी हळूहळू मीठ धुतले. बांध अचानक फुटून शेतावर समुद्र पसरतो तेव्हाही असेच होते. नियोजन करून, हळूहळू भरती आत घेणे ही वेगळी गोष्ट.

दोन्ही हिशेब जिथे मिळतात

भूजल आणि कार्बन यांचा खरा सांधा खेकड्याच्या बिळात आहे. कांदळवनाचा चिखल घट्ट असतो, पाणी सहज झिरपत नाही. त्यामुळे तो समुद्र आणि जमिनीतले पाणी यांच्यामध्ये काही प्रमाणात आड येतो. पण खेकड्यांनी तो पोखरून ठेवलेला असतो. भरतीला पाणी बिळांत शिरते, ओहोटीला बाहेर येते, आणि येताना मातीत विरघळलेला कार्बन घेऊन येते. त्यातला बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि तो समुद्रात दीर्घकाळ टिकून राहतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अलीकडच्या काळात दाखवले की हा बाहेर जाणारा वाटा चिखलात गाडल्या जाणाऱ्या वाट्याच्या तोडीचा, काही जागी त्याहून मोठा असतो. कार्बन बाजाराच्या बहुतेक पद्धती तो मोजतच नाहीत. भूजलतज्ज्ञाला सोबत न घेता केलेला कार्बनचा हिशेब अपुरा राहतो, तो इथे.

कोकण आणि गोवा

भारताच्या २०२१ च्या वन सर्वेक्षणात देशात ४,९९२ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले गेले. महाराष्ट्रात ३२४ आणि गोव्यात २७. १९८७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १४० होता. मोजण्याची साधने सुधारली हे खरे. २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी तोड रोखली, हेही खरे. पण वाढीचा एक वाटा शेतजमिनीतून आला आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

अलिबाग-पेणचा खारेपाट घ्या. खाडीच्या काठाने मातीचा बांध, त्यात ठिकठिकाणी उघाडी. ओहोटीला उघाडीचे दार आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरच्या रेट्याने ते मिटते. पहिल्या पावसात शेतातले मीठ धुऊन निघते आणि मग भात लागतो. याच पट्ट्यातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ असा चरीचा शेतकरी संप चालवला. जमिनीशी त्यांचे नाते किती घट्ट, ते त्यावरून कळावे. आता शेतमजूर मिळत नाहीत, बांधाची डागडुजी सरकारी निधीची वाट पाहते. एका उधाणात खांड पडते, भरती आत येते आणि काही वर्षांत शेतात तिवर उभे राहते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, झाड तोडायला बंदी आणि कार्बनच्या नकाशावर हिरव्या ठिपक्याची भर. त्या ठिपक्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळत नाही.

या गावांत विहीर खणली तर खारे पाणी लागते, म्हणून घराजवळ पावसाच्या पाण्याची तळी असतात. त्यांत जिताडा पाळला जातो आणि गुरांना पाणी मिळते. उन्हाळ्यात गाव टँकरकडे डोळे लावून बसते. अशा जागी बांध फुटला तर धोका खोलवरच्या भूजलाला कमी असतो, कारण तिथे गोडे भूजल जवळजवळ नाहीच. पहिला घाव बसतो तो या उथळ तळ्यांवर आणि भाताच्या खाचरांतल्या पातळ गोड्या थरावर. डोंगरउताराच्या विहिरींचे वेगळे: तिथे अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाचा दाब समुद्राला मागे ठेवतो, पण जांभ्यातून पाणी लवकर निसटते आणि एप्रिल-मेमध्ये तो दाब सरतो. तेव्हा पंप चालले की किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. त्याचे खापर खाडीतल्या तिवरावर फोडण्यात अर्थ नाही.

गोव्याच्या खाजन जमिनी, सुमारे १८,००० हेक्टर, याच रचनेचे अधिक नेटके रूप. बांधाबाहेर खाडीकडे कांदळवन, बांधात मानस म्हणजे पाण्याचे दार, मानसीजवळ पाणी आणि मासळी धरणारी पोंय, आणि मागे भातशेत. गांवकरी या सामूहिक गावव्यवस्थेच्या काळात बांधाची निगा ही सामूहिक जबाबदारी होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली आणि अनेक ठिकाणी ढासळली. कार्बन आणि पाणी यांच्या वाटणीचा प्रश्न या रचनेने आधीच सोडवून ठेवला होता: समुद्राकडची पट्टी भरतीला, आतली पट्टी गोड्या पाण्याला, आणि मध्ये चालता दरवाजा. भातखाचरांतूनही मिथेन निघतो, त्यामुळे ही रचना निर्दोष नाही. पण कार्बनसाठी ती सगळीच भरतीच्या हवाली करायची, की शेतीसाठी बाहेरचे कांदळवनही कापायचे, अशा खोट्या निवडीतून ती बाहेर काढते.

बंगालच्या बाजूने एक इशारा मात्र लक्षात ठेवायला हवा. बांगलादेशात १९६० च्या दशकात बांधलेल्या बंधाऱ्यांमागची जमीन गाळाअभावी बाहेरच्या सुंदरबनपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेली. २००९ च्या आयला वादळात बांध फुटले, तेव्हा दोन वर्षांत आलेल्या भरतीच्या गाळाने तिथे कित्येक सेंटिमीटर जमीन चढली. समुद्राची पातळी वाढत असताना कायम मिटलेला बांध जमीन खोल ठेवतो आणि खालचे मीठ जवळ आणतो. काही खाचरे काही वर्षे भरतीला देऊन, गाळ भरून, पुन्हा शेतीत आणण्याचा बांगलादेशातला प्रयोग म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे.

निष्कर्ष

आजवरच्या पुराव्याचा निवाडा असा देता येतो. असलेले कांदळवन वाचवणे कार्बनसाठी सर्वांत फायद्याचे. वाळवलेल्या खाऱ्या दलदलीत भरती परत आणणे त्याच्या खालोखाल. उघड्या चिखलावर रोपे खोचणे सर्वांत कमी फायद्याचे, आणि बऱ्याचदा वाया जाणारे. भूजलासाठी भरती परत आणणे हा उपाय नाही. चुकीच्या जागी तो अपाय ठरू शकतो, योग्य जागी निरुपद्रवी. भूजल वाढते ते उतारावर पाणी मुरवल्याने, तळी आणि गोड्या पाणथळ जागा राखल्याने आणि उन्हाळ्यातला उपसा आवरल्याने.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या ‘मिष्टी’ योजनेत सुमारे ५४० चौरस किलोमीटर कांदळवन उभे करण्याचे लक्ष्य आहे. अशा प्रत्येक कामाच्या कागदांत चिखलाच्या नमुन्यांबरोबर आसपासच्या विहिरींची आणि तळ्यांची क्षारता, किमान एका पावसाळ्याची आणि एका उन्हाळ्याची, काम सुरू होण्याआधीच नोंदलेली असली पाहिजे. क्षारता मोजायचे हातातले यंत्र स्वस्त आहे आणि ते वापरायला शाळेतली मुलेही शिकतात. ज्या प्रस्तावात या नोंदी नसतील आणि भरतीखाली जाणाऱ्या सातबाऱ्याच्या मोबदल्याचा उल्लेख नसेल, त्याला ग्रामसभेने संमती देऊ नये.